माझ्या सावलीएवढी शेवंती

आमच्या ख्वेचं वागणं मला पटत नाही, आणि हे मी तिच्या तोंडावरही सांगितलेलं आहे. वर्षभर साइगॉनमध्ये कुणाकुणाच्या कंपन्यांचे हिशेब सांभाळते आणि तेतला, म्हणजे नव्या वर्षाला, घरी येते ती बसस्टँडवर टेकायला आल्यासारखी. बॅगसुद्धा पूर्ण उघडत नाही. वरच्यावर हात घालून दोन कपडे ओढते आणि पुन्हा चेन लावून टाकते. पहिल्या दिवशी वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे बशी, तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बस. मी आल्याच्या वड्या बरणीभर करून ठेवते. त्या बरणीचा तळ या मुलीनं आजवर पाहिलेला नाही.

गेल्या तेतला तर तिनं हद्द केली. दारात बूट घालता घालता छताकडे बघून म्हणाली, "आई, या ट्यूबखाली बसलं ना, की वाटतं आता आतून नर्स येणार आणि माझा नंबर पुकारणार."

एवढं बोलून गेली. बस वळणाआड दिसेनाशी झाली तरी मी दारातच उभी.

ती ट्यूब तिच्या वडिलांनी लावलेली. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण ट्यूब अजून पहिल्या झटक्यात लागते. आणि पांढऱ्या उजेडाबद्दल मला कुणी शिकवायचं कारण नाही. मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले, पण आमच्या या थंड डोंगरावरच्या दा लातच्या बाजारात लोकरीचे स्वेटर विकण्यात उभा जन्म काढला, तो असल्याच पांढऱ्या ट्यूबखाली. पिवळ्या दिव्याखाली करडा स्वेटर बदामी म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्या बायका माझ्या शेजारच्याच गाळ्यांत होत्या. त्यांची नावं मी घेत नाही, कारण त्यातल्या एकीची सून आता आमच्याच गल्लीत राहते. सांगायचं एवढंच, की पांढरा उजेड हा प्रामाणिक माणसाचा उजेड आहे, असं माझं मत होतं.

पण पोरगी घरात टिकत नाही, हेही खरं होतं. पाहुणे येतात, तिला विचारतात, चौतिशी आली, अजून कसं काही जमलं नाही? विचारणारच. मीही विचारते. घरचं माणूस नाही विचारणार तर कोण विचारणार? त्यात पळून जाण्यासारखं काय आहे? म्हणजे कारण दुसरं काही नव्हतं. कारण ट्यूबच होती. मी ठरवलं, पुढच्या तेतला घरात असा उबदार उजेड करायचा की ही बया सातव्या दिवसापर्यंत हलता कामा नये.

आमच्या चढावर कोपऱ्यात लाय बाईचं कॉफीचं दुकान आहे. तिथे इतका पिवळा अंधार असतो की कपात माशी पडली तरी ती कॉफीचाच भाग वाटते. पण तरुण मुलं तिथे तासन् तास बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी लाय बाईला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला कुणी सल्ला मागितला की ती आधी हात पुसते. हात पुसून म्हणाली, सगळी जादू पिवळ्या रंगात आहे, काकू, नवं काही घेऊ नका, तेतच्या भेटीच्या टोपल्यांना जो पिवळा चकचकीत कागद असतो तो ट्यूबला गुंडाळा.

कागद माझ्याकडे होता. आलेल्या टोपल्यांचा कागद फेकण्याइतकी मी श्रीमंत कधीच नव्हते. गुंडाळला. उजेड पिवळा झाला, त्याबरोबर घरात येणारं प्रत्येक माणूस आणि मीही पिवळी झाले. त्याच आठवड्यात वॉर्डातली आरोग्यसेविका डासांची औषधफवारणी सांगायला आली. बोलता बोलता ती माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायला लागली. भूक लागते का, म्हणाली. लघवीचा रंग काय, म्हणाली. ती गेल्यावर गल्लीत बातमी झाली की स्वेटरवाल्या काकूंचं यकृत गेलं. तीन घरांतून आर्टिचोकचा चहा आला, यकृतावर इथे त्याच भाजीचा काढा देतात. मी तो प्यायले, कारण फुकट आला होता, पण कागद उतरवला.

मग मी माझ्या अकलेनं चालायचं ठरवलं. थंडी वाजली तर माणूस काय करतो? स्वेटर घालतो. उजेड थंड आहे, तर त्यालाही घालावा. माझ्याकडे नारिंगी लोकर उरलेली होती. मी ट्यूब काढून तिच्या जागी एक मोठा गोल दिवा लावला आणि त्याच्या मापाची टोपी विणली, उलट-सुलट टाक्यांची, वरती गोंड्यासकट. दिवा लावला तेव्हा इतका सुरेख दिसला की मी लाय बाईला मुद्दाम बोलावलं. ती आली, मान वर करून बघत राहिली. माझं कौतुक करणं तिच्या जिवावर येतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी आणखी थोडा वेळ वाट बघितली. तेवढ्यात ती म्हणाली, काकू, मेंढी भाजल्यासारखा वास येतोय.

गोंडा पेटला होता. मी मुख्य बटण बंद करायला धावले आणि लाय बाई आपल्या दुकानाकडे धावली. ती परत आली ती कॉफीचे कप विसळलेल्या पाण्याची बादली घेऊन. तोपर्यंत टोपी आपली आपण विझून खाली पडलेली होती. पण बादली भरून आणलेली, ती परत न्यायची कशी? तिनं ती माझ्या कोचावर ओतली. आजही दमट हवा असली की आमच्या कोचाला कॉफीचा वास येतो आणि आलेला पाहुणा उगाच ताजातवाना होतो.

मग मला समजलं की घरात नाही, पडवीत उजेड हवा. माणूस घरी येतो तो आधी पडवी बघतो. दारातच पोरीला ऊब लागली, तर बॅग आपोआप उघडेल. पण पडवीत वीज नाही. वीज कचेरीत गेले. खिडकीतल्या मुलानं सांगितलं, मीटर तुमच्या यजमानांच्या नावावर आहे, त्यांना पाठवा. मी म्हटलं, ते वारले. तो म्हणाला, मग त्यांनी येऊन लेखी कळवायला हवं होतं. ख्वेचे वडील जिवंत असतानाही कधी कुठल्या कचेरीत गेले नाहीत, आता मरणानंतर त्यांनी ही सवय का लावून घ्यावी? मी घरी आले आणि खिडकीच्या गजातून वायर बाहेर काढली.

राहिला दिवा. तो मिळाला ताम भावजींकडून, आणि हे मी पुढे सगळ्यांना वारंवार सांगितलं, इथेही सांगते: त्यांनी तो आपल्या हातानं, आपल्या मर्जीनं दिला.

ताम भावजी म्हणजे आमच्या खालच्या अंगाचे शेजारी. आमचं घर उतारावर वर, त्यांचं शेवंतीचं प्लास्टिकचं हरितगृह खाली, मध्ये एक कुंपण. माणूस इतका सावकाश बोलतो की मी त्यांच्या एका वाक्यात भाजी निवडून घेते. बायको गेल्यापासून शेवंतीशीच बोलतात, आणि शेवंतीला घाई नसते. तर त्यांनी हरितगृहातले जुने पिवळे दिवे काढून नव्या तऱ्हेचे लावले होते आणि जुने टोपलीभर दिवे दारात ठेवले होते. मी मागितले. ते म्हणाले, न्या वहिनी, चांगले आहेत, फार काम केलंय त्यांनी.

किती काम केलंय, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

आमच्या भागात लहान मूलही सांगेल की शेवंतीला रात्री उजेड दिला की तिला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे. मग ती कळी धरत नाही, नुसती पानं वाढवते. तेतच्या आधी ठराविक दिवस राहिले की शेतकरी दिवे घालवतात. मग अंधारात तिला समजतं की थंडी आली, आणि ती बरोबर तेतच्या दिवशी फुलते. सगळी डोंगरउतरण त्या दिव्यांनी रात्री चमकते आणि मग एका आठवड्यात विझते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो उजेड शेतीचा आणि माझा उजेड घराचा. दोन्ही दिवे एकाच टोपलीतले असले तरी आता माझ्या घरचे दिवे झाल्यावर ते जुनं काम का करतील?

मी त्यातले पाच-सहा दिवे एकत्र बांधले आणि त्यांच्यावर कोंबड्या झाकायची बांबूची टोपली उपडी लटकवली, माझ्या वेताच्या खुर्चीच्या पाठीमागे. अहो, काय उजेड पडला. मधासारखा. पडवीची फरशी, कुंड्या, माझे जुने बूट, सगळं श्रीमंत दिसायला लागलं. मी रोज संध्याकाळी त्या खुर्चीत विणायला बसायची. खुर्चीतून उठले की दिवा बंद, कारण वीज मीही फुकट आणत नाही.

महिनाभर माझं राज्य होतं. लोक थांबून बघायचे. साइगॉनचं एक जोडपं फाटक उघडून थेट आत आलं, मला बाजूला सरकवून माझ्याच खुर्चीत बसून फोटो काढला आणि दुधाची कॉफी मागवली. मी म्हटलं, हे घर आहे. ती मुलगी म्हणाली, हो ना, अगदी घरासारखंच वाटतं. मी त्यांना आर्टिचोकचा चहा दिला, तो पुष्कळ उरला होता. मनात आलं, परक्यांना उठवत नाही, तर माझ्या पोरीला काय उठवेल. फोनवर मी ख्वेला काही सांगितलं नाही. येऊ दे, बघू दे, म्हटलं.

तिकडे ताम भावजींनी आपले दिवे घालवले, रीतीप्रमाणे. काही आठवड्यांनी हरितगृहात कळ्यांचे मणी दिसू लागले. फक्त कुंपणाकडची रांग हिरवीगार. तिथे त्यांनी तेतसाठी खास मोठ्या कुंड्या एकामागे एक बऱ्याच ओळींत लावलेल्या, हवा यावी म्हणून त्या बाजूचा पडदा गुंडाळलेला. वर्षाची सगळी आशा त्या कुंड्यांवर, आणि त्यांना कळीचा पत्ता नाही.

सल्ले सुरू झाले. लाय बाईनं कॉफीचा चोथा घालायला सांगितलं. कुणी म्हणालं रोपवाल्यानं फसवलं. कुणी म्हणालं, कुंपणाखाली जुनं थडगं असेल. मीही कुंपणावरून रोज सल्ला दिला, शेजारधर्म म्हणून. तुम्ही पाणी जास्त घालता, भावजी. तुम्ही त्यांच्याशी फार बोलता, भावजी, बिचाऱ्यांना कंटाळा येतो. एकदा तर मी स्पष्ट म्हटलं की शेतकऱ्याचं लक्ष नसलं की असंच व्हायचं. हे सगळं मी माझ्या खुर्चीत बसून, माझ्या दिव्यासमोरून सांगत होते. ते मान वर करून ऐकायचे आणि उजेडानं डोळे बारीक करायचे.

शेवटी त्यांनी तक्रार केली. माझ्याविरुद्ध नव्हे, रोपवाल्याविरुद्ध. त्यामुळे आमचे गल्लीप्रमुख तोआन मास्तर पाहणीला आले. मास्तर आधी शाळेत कवायत शिकवायचे. अजूनही दोन माणसं दिसली की त्यांना रांगेत उभं करावंसं वाटतं. बरोबर समेट समितीच्या दोन बायका, आणि कसल्याच समितीत नसूनही लाय बाई. रोपवाला बिचारा हात जोडून उभा. मास्तर म्हणाले, उंचावरून पूर्ण दृश्य घेऊ, आणि सगळी वरात माझ्या पडवीत आली.

मी दिवा लावून ठेवलेला होता. समितीनं बघावा, असंही मनात होतं.

मास्तर कठड्याशी गेले, खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगळी रांग काही हिरवी नाही. मध्ये कळ्या आहेत. पण त्यांचा आकार विचित्र आहे."

सगळे वाकले. मीही वाकले. हिरव्या रांगेच्या बरोबर मध्ये कळ्यांनी भरलेल्या कुंड्यांचा एक ठिपका होता. खाली रुंद, चांगलाच रुंद. वर जरा निमुळता, मग पुन्हा गोल. आणि त्या गोलाच्या वर एकच कुंडी, बाकीच्यांपासून वेगळी, कळ्यांनी गच्च.

मी मागे सरले. कुणी काही बोलण्याआधी मला समजलं होतं. ती वरची एकटी कुंडी म्हणजे माझा अंबाडा होता.

ताम भावजींना समजायला नेहमीसारखा वेळ लागला. त्यांनी खाली बघितलं, माझ्या दिव्याकडे बघितलं, टोपलीतल्या आपल्या जुन्या दिव्यांना ओळखल्यासारखी मान हलवली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, जरा खुर्चीत बसता का?"

मी म्हटलं, माझी कंबर दुखते. मास्तर म्हणाले, पाहणीला सहकार्य करावं. मी बसले. माझी सावली कठड्यावरून खाली उतरली आणि त्या कळ्यांवर अशी बसली जशी बरणीवर तिची झाकणी. खांद्याला खांदा. अंबाड्याला अंबाडा. मास्तरांनी मला डावीकडे झुकायला सांगितलं, मग उजवीकडे. आमच्या गल्लीत चोर पकडला तेव्हासुद्धा त्याचं इतकं माप घेतलं नव्हतं. समितीतली एक बाई तोंडाला पदरासारखा मफलर लावून हसत होती. तो मफलर मीच विकलेला.

लाय बाई म्हणाली की खालचा भाग जरा मोठा आलाय. मी तिला सांगितलं, थंडीमुळे मी मांडीवर रजई घेत होते. ती म्हणाली, असेल.

मी सांगितलं की दिवे त्यांचे आहेत, त्यांनी दिले. सांगितलं की मला रोपवाल्याच्या चेहऱ्यावरून अजूनही संशय येतो. मास्तरांनी दोन्ही बाजूंनी समजुतीनं घ्यावं असं भाषण सुरू केलं. पण ताम भावजी कठड्याशी तसेच उभे होते. ते माझ्यावर रागावले असते तर मी पुरून उरले असते. ते त्या हिरव्या कुंड्यांकडे बघत म्हणाले, "फुलतील त्या. अंधार झाला की फुलतील. पण तेत संपल्यावर फुललेली शेवंती घेतो कोण?"

माझ्यात पुष्कळ दोष आहेत असं लोक म्हणतात. पण मी विकायला घेतलेला माल कधी घरी परत आणलेला नाही. मी उठले, दिवा बंद केला आणि अंधारात सगळ्यांदेखत सांगितलं, तेतनंतर पहिली पौर्णिमा येते, त्या दिवशी प्रत्येक घरात फोटोपुढे ताजी फुलं लागतात, आणि तोवर इतरांची शेवंती माना टाकून बसलेली असेल. तुमच्या कुंड्या मी विकीन. समितीनं आता चप्पल बघून उतरावं, पायरी तुटकी आहे.

अशा रीतीनं, घर उबदार करायला निघालेली मी, तेतच्या तोंडावर काळोखात बसले. नुसता पडवीतला दिवा नाही, कुंपणाकडच्या खिडकीतून एक कवडसा जाता कामा नये. खिडक्यांना जुन्या रजया टांगल्या. तेतच्या आठवडाभर आधी चुलीच्या देवाला स्वर्गात पाठवतात, तो निरोपही कुजबुजत दिल्यासारखा. आणि दोन दिवसांनी ख्वे आली. फाटकात उभी राहून तिनं हाक मारली, "आई? घरात आहेस ना? बरी आहेस ना?" वर्षभर मी जो क्षण डोळ्यांपुढे आणला होता, त्यात ती माझ्या दिव्याकडे बघत होती. प्रत्यक्षात ती तुटक्या पायरीवर अडखळली.

तिला सगळं सांगावं लागलं. मागच्या खोलीत, रजईआड, वडिलांच्या ट्यूबखाली. हो, तीच ट्यूब. टोपी जळाल्यावर मी ती परत लावली होती. नर्सचं मी बोलले नाही. मी यकृतापासून सुरुवात केली. मेंढी भाजल्याच्या वासाशी पोचले तेव्हा ती गालात हसत होती. अंबाड्याच्या कुंडीशी पोचले तेव्हा जमिनीवर बसली होती, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, यात एवढं हसण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, मला बघायचंय.

दुसऱ्या दिवशी ती कुंड्या बघायला खाली गेली ती दुपारपर्यंत आलीच नाही. ताम भावजी तिला एक वाक्य सांगत होते. तेतच्या पहिल्या दिवसापासून आम्ही दोघी रोज खालीच. एकेका कुंडीतली पिवळी पानं काढा, काठ्या बांधा, माती भरा. मी विकणार म्हटल्यावर माल नीट दिसायला हवा. संध्याकाळी घरी, पुन्हा काळोख.

आणि पाहुणे? एक आला नाही. दिवसा यावं तर दाराला कुलूप, संध्याकाळी यावं तर घर मिट्ट. लोक फाटकापर्यंत यायचे, आत कुणी नाही असं समजून वळायचे. अशी अपमानास्पद तेत मी जन्मात पाहिली नाही. बश्या मांडून मी एकटी बसलेली. ख्वे मात्र मागच्या खोलीत पाय पसरून आल्याच्या वड्या खात होती. तिसरा दिवस उजाडला, मी तिची बॅग दाराशी शोधली. नव्हती. चौथ्या दिवशी विचारणार होते, पण जीभ चावली. सातव्या दिवशी तिनं साहेबाला फोन करून सांगितलं की घरी फुलांचं काम निघालंय, पौर्णिमेनंतर येते. मी तेव्हा कांदा चिरत होते, म्हणून डोळ्यांचं काही खरं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कुंपणाकडची रांग अशी फुलली की ताम भावजी बोलायचेच थांबले. फरक इतकाच की मध्ये एक ठिपका वाळलेला होता, माझ्या आकाराचा. त्या कुंड्या तेतलाच फुलल्या होत्या, तेव्हाच विकून टाकल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या विकायला भावजींचं मन झालं नाही म्हणे. का, ते मी विचारलं नाही.

बाजारात माझ्या जुन्या गाळ्यासमोर आम्ही कुंड्या मांडल्या. सगळीकडे मरगळलेली फुलं, आणि आमची टवटवीत. गर्दी झाली. त्या गर्दीत लाय बाई होती, आणि बदामी स्वेटरवालीची सूनही होती. सुनेनं कुंडी उचलता उचलता ख्वेकडे बघितलं आणि मान तिरकी करून मला विचारलं, काय काकू, हिचं यंदाही नाही का? ख्वेचे हात थांबले. मी ओळखते ते थांबणं. बॅगेची चेन लावताना तिचे हात असेच असतात. इतक्या वर्षांत मी ते समोरून कधी बघितलं नव्हतं, कारण अशा वेळी मीही विचारणाऱ्यांच्याच बाजूला उभी असायची.

मी सुनेच्या हातातली कुंडी काढून घेतली. म्हटलं, "शेवंती विकायला आहे. पोरगी विकायला ठेवलेली नाही. पुढचं गिऱ्हाईक कोण?"

दुपारपर्यंत सगळा माल गेला. एक कुंडी मी ख्वेच्या वडिलांच्या फोटोपुढे ठेवायला राखली. संध्याकाळी ताम भावजी आले. त्यांनी आपल्या हातानं माझ्या पडवीतली टोपली नीट टांगली, वायर तपासली, आणि म्हणाले की आता खाली कळी राहिलेली नाही, वहिनी, लावा दिवा. आणि खुर्ची हवी तर सरकवून घ्या. एवढं बोलायला त्यांना नेहमीच्या मानानं कमी वेळ लागला.

मी दिवा लावला. ख्वे खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन, मांडीवर वड्यांची बरणी. तळ दिसत होता. तिची सावली खालच्या रिकाम्या कुंपणावर पडली होती, बारीकशी. उद्या सकाळची तिची बस होती. तिनं आतून बॅग आणून भरायला घेतली, आणि मी बघितलं, ती पूर्ण उघडी होती, पार तळापर्यंत.

ती म्हणाली, "उजेड छान आहे गं, आई."

मी म्हटलं, "ख्वे, तुझं वागणं मला पटत नाही, ते मी मागे घेत नाही. पण तू त्या कुंपणाकडच्या रांगेतली आहेस. आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्यावर फार उजेड मारलाय. यापुढे या घरात तुझ्यावर कुणी दिवा धरणार नाही, मीसुद्धा नाही. तुला फुलायचं तेव्हा फूल, नाहीतर खुशाल पानं वाढव. फक्त घरी आलीस की बॅग अशीच पूर्ण उघडायची."